अण्णांना बर्फावर गरवायला न्यायचंय, इन्सुलेटेड शेल्टर कोणतं घ्यावं?

खाडीकाठचा (प्लिमथ, मिनेसोटा)

नमस्कार मंडळी,

मी मिनिआपोलिसच्या पश्चिमेला प्लिमथला राहतो. मेडिसिन लेक घरापासून दहा मिनिटांवर. गेली दोन वर्षं ऑफिसातल्या एका मित्राबरोबर बर्फावर मासे धरायला जातोय, पण शेल्टर (बर्फावर उभारायचा तंबू) त्याचं, हीटर त्याचा, भोकं पाडायचं यंत्रही त्याचंच. यंदा स्वतःचं सामान घ्यायचं ठरवलंय, आणि त्याला कारण आमचे अण्णा.

डिसेंबरच्या मध्यावर आई-अण्णा येतायत, फेब्रुवारीअखेरपर्यंत राहतील. अण्णा एकाहत्तर वर्षांचे. आमचं घर अंजनवेलला, वाशिष्ठीच्या मुखाशी. शाळेतून निवृत्त झाल्यापासून भरती-ओहोटी बघून रोज खडपावर गरी घेऊन बसणारा माणूस. तांबोशी लागली असेल तर ते अंगणात शिरायच्या आधीच त्यांच्या हाकेवरून आईला कळतं. गेल्या वर्षी व्हिडिओ कॉलवर त्यांना बर्फातलं भोक दाखवलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खालचं पाणी गोठत कसं नाही रे?" आणि लगेच, "आमिष काय लावतोस?" तेव्हापासून प्रत्येक फोनला हाच विषय.

त्यांना बर्फावर न्यायचंच आहे. पण त्यांनी आयुष्यात थंडी पाहिली ती माथेरानची. गुडघे दुखतात, बीपीची गोळी चालू आहे, बाकी तब्येत ठणठणीत. सलग तीन तास आरामात बसता आलं पाहिजे, एवढीच अपेक्षा. बसणारे आम्ही दोघं, कधीतरी माझी नऊ वर्षांची मुलगी. गाडी साधी सेडान आहे, स्नोमोबिल वगैरे काही नाही, सामान हातानं ओढून न्यायचं. शेल्टरसाठी साधारण सहाशे डॉलर बाजूला ठेवलेत.

दुकानात गेलो तर डोकं गरगरलं. छत्रीसारखं उघडणारं हब घ्यावं की स्लेडला (बर्फावरून ओढायच्या घसरगाडीला) जोडलेलं फ्लिप-ओव्हर? "थर्मल" लिहिलेल्याला दीडपट पैसे सांगतात, त्यानं खरंच फरक पडतो का? आणि बंद तंबूत गॅसचा हीटर लावायचा या कल्पनेनंच बायकोला काळजी वाटतेय. अनुभवी लोकांनी कृपया सविस्तर लिहा.

गोदाकाठ (दुलुथ, मिनेसोटा)

तुमचा प्रश्न परवाच वाचला होता, पण घाईत उत्तर द्यावंसं वाटलं नाही. माझे वडीलही गंगेवर (नाशिकचे लोक गोदावरीला गंगाच म्हणतात) गळ टाकून बसायचे. त्यांना इथे आणायचं राहून गेलं. म्हणून तुम्ही हे कराच, आणि नीट करा.

मी दुलुथला एकोणीस वर्षं आहे आणि त्यातले चौदा हिवाळे बर्फावर काढलेत, बहुतेक एकटीनं. आयलंड लेक आणि फिश लेक ही माझी नेहमीची ठिकाणं.

आधी गाडीचं बघा, निम्मा प्रश्न तिथेच सुटतो. फ्लिप-ओव्हर म्हणजे खाली प्लास्टिकची स्लेड, तिच्यावर बाक, आणि मागून डोक्यावर ओढून घ्यायचं कापड. बर्फावर पोचलात की अर्ध्या मिनिटात बसायला तयार. कल्पना इथलीच. मिनेसोटाच्या डेव्ह जेन्झ यांनी १९८० च्या सुमारास 'फिश ट्रॅप' नावानं ते आणलं, त्याआधी लोक लाकडी खोपटं तळ्यावर नेऊन ठेवायचे आणि हिवाळाभर एकाच जागी बसायचे. मासा येत नसेल तर आपण उठून दुसरीकडे जायचं, हा त्यामागचा विचार. तुमचे अण्णा खडपावर जागा बदलत असणारच, त्यांना तो लगेच पटेल. पण दोन माणसांचं इन्सुलेटेड फ्लिप-ओव्हर चाळीस किलोच्या पुढे जातं, आणि ती स्लेड सेडानच्या डिकीत शिरत नाही. पिकअप किंवा ट्रेलर लागतो. शिवाय आतलं बाक बुटकं, छप्पर खाली. गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिथून उठताना त्रास होतो. तेव्हा तुमच्यासाठी हबच.

हब मिटलं की पाच फुटांच्या आसपास लांबीची पिशवी होते. मागची सीट पाडली की तुमच्या गाडीत आरामात मावेल. आत उभं राहता येतं. अण्णांना पाठीची खुर्ची ठेवता येईल, ही माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट.

आता माप. डब्यावर "तीन माणसं", "चार माणसं" लिहिलेलं असतं ते उन्हाळी कपड्यातली माणसं धरून लिहिलंय असं समजा. ७० इंच बाय ७० इंचाचं हब म्हणजे ३४ चौरस फूट. ते मला एकटीला, फार तर दोघींना छान पुरतं. तुम्ही दोघं, मुलगी, तीन खुर्च्या, हीटर, आणि हीटरच्या समोर अडीच-तीन फूट मोकळी जागा (ती सोडायचीच, कापड जळायला वेळ लागत नाही) म्हटल्यावर ९४ इंची बघा, ते ६१ चौरस फूट भरतं. वजन वीस किलोच्या आसपास. मुलांच्या घसरायच्या साध्या स्लेडवर ठेवून दोरीनं ओढायचं. कोरड्या बर्फावर वीस किलो जाणवत नाहीत, गुडघाभर भुसभुशीत हिमात मात्र घाम फुटतो. क्लॅम, ऑटर, एस्किमो ही नावं दुकानात दिसतील, सगळी या भागातलीच. तुमच्या मापाचं जे नीट शिवलेलं मिळेल ते घ्या. कोपरे आणि चेन हातानं ओढून बघा. चेन जाड दात्यांची हवी, हातमोज्यानं पकडता येईल असा तिला गोंडा हवा. दारं दोन असली तर फारच छान.

"थर्मल"नं काय फरक पडतो, ते माझ्या पहिल्या शेल्टरवरून सांगते. ते एकपदरी होतं, स्वस्तात घेतलेलं. बाहेर उणे अठरा, आत हीटर, मला वाटलं झकास. तासाभरानं छताला आतून पांढरी साय धरली. दीड तासानं ती विरघळायला लागली आणि थेंब पडायला लागले. मानेवर, चष्म्यावर, चहात. हीटर कमी केला की पुन्हा गोठायचं, वाढवला की पुन्हा गळायचं. संध्याकाळी आवरताना कापड पत्र्यासारखं कडक झालेलं, घडी घालताना कडकड वाजत होतं, आणि एका कोपऱ्यात घडीवरच फाटलं.

हे पाणी येतं कुठून? थोडं आपल्या श्वासातून, थोडं भोकातून, पण बरंचसं गॅसमधून. मी नाशिकला दहा वर्षं शाळेत विज्ञान शिकवलंय, त्यामुळे हा हिशेब माझ्या डोक्यात बसलेला आहे. ४४ ग्रॅम प्रोपेन जळलं की ७२ ग्रॅम पाणी तयार होतं. एक पौंडाचा छोटा सिलिंडर पूर्ण जळला की पाऊण लिटरच्या आसपास पाणी वाफ होऊन तंबूत सुटतं. ती वाफ थंडगार एकपदरी कापडाला टेकली की तिथेच बसते. इन्सुलेटेड कापड म्हणजे आपली दुलई: दोन पदर, मध्ये पॉलिस्टरचं भरण, मग रजईसारखी टीप. आतला पदर बाहेरच्याइतका थंड होत नाही, म्हणून साय धरत नाही किंवा फार थोडी धरते. तुम्ही जास्तीचे पैसे देता ते कोरडं राहण्यासाठी. ऊब त्याच्या जोडीनं येतेच, गॅसही कमी लागतो. तासभर बसणाऱ्या तरुण माणसाला एकपदरी चालून जातं. एकाहत्तर वर्षांच्या माणसाला तीन तास बसवायचं असेल तर दुसरा विचारच करू नका.

काही शेल्टरांत फक्त छताला किंवा भिंतींच्या वरच्या अर्ध्या भागाला भरण असतं. हातानं चाचपून बघा. खालपर्यंत भरण आहे ना, हे दुकानातच कळतं.

पण कितीही जाड दुलई घेतलीत तरी जमीन बर्फाचीच राहते. ऊब वर जाते, टाळूला घाम येतो आणि पाय गारठतात. म्हणून मुलांच्या खोलीत जोडतात ते फोमचे चौकोन मिळतात ना, ते खाली अंथरा, भोकाच्या जागी एक कापून काढा. अण्णांच्या खुर्चीखाली दोन थर द्या. माझ्याकडे बॅटरीवरचा छोटा पंखा आहे, तो छताला उलटा टांगते, वरची गरम हवा खाली येते. आणि बूट. शेल्टरमधले शंभर डॉलर वाचवायचे असतील तर वाचवा, बुटात वाचवू नका. एक माप मोठे घ्या, आत लोकरीचा एकच जाड मोजा. दोन मोजे घातले की पाय आवळतो आणि उलट जास्त गारठतो.

हीटर 'बडी' नावाच्या जातीचा, छोट्या प्रोपेन सिलिंडरवर चालणारा, पुरेल, ४००० आणि ९००० बीटीयू (तासाला किती उष्णता देतो त्याचं माप) अशा दोन पायऱ्यांचा. एक पौंडाचा सिलिंडर पूर्ण आचेवर अडीच तासांच्या आतच संपतो, मंद आचेवर पाच तासांच्या पुढे जातो. मी पहिली पंधरा मिनिटं पूर्ण आच ठेवते, मग मंद. भट्टीसारखं गरम करू नका. आत पाच-सहा अंश असले की जाकीट उघडं टाकून निवांत बसता येतं.

खिडक्यांना काळे पडदे असतात, ते लावून ठेवा. बाहेरचा उजेड बंद झाला की भोकातून येणारा उजेड दिसायला लागतो, हिरवट निळा, बर्फाच्या आतून झिरपत आलेला. कमी पाण्यात तर तळाचं गवत आणि आमिषाभोवती फिरणारा मासा सरळ दिसतो. अण्णांना हे दाखवाच. आणि भोकावर जो पातळ बर्फ धरत राहतो तो काढायला दुकानात जाळीचा चमचा विकतात, तो घेऊ नका. आईंना घरचा झारा आणायला सांगा. माझा नाशिकच्या भांडीबाजारातला आहे, पितळी, चौदा वर्षं तोच.

"पाणी गोठत कसं नाही" याचं उत्तर त्यांना असं द्या: पाणी चार अंशाला सगळ्यात जड असतं. त्याहून गार झालं की हलकं होऊन वर येतं आणि वरच गोठतं. तळाशी चार अंशांचं पाणी राहतं, मासे तिथे हिवाळा काढतात. सुस्त होतात, पण खातात. आमिष छोटं लावायचं आणि हात फार हलवायचा नाही.

प्रेअरीचा वारा (विनिपेग, मॅनिटोबा)

ताईंनी इतकं छान लिहिलंय की मी फक्त वाऱ्यावर लिहितो, कारण माझा जीव त्यावरून एकदा टांगणीला लागलाय.

लेक विनिपेग चारशे किलोमीटरहून लांब आहे. उत्तरेचा वारा सुटला की मध्ये अडवायला काही नाही. तीन वर्षांपूर्वी हब उभं करत होतो. चारी भिंती फटाफट बाहेर काढल्या, छप्पर वर केलं, मग म्हटलं आता खुंट्या मारू. खुंट्या पिशवीतून काढायला वाकलो तेवढ्यात ते उचललं गेलं. मी एका कोपऱ्याची दोरी धरली. दहा-बारा फूट फरफटत गेलो आणि मग सोडून दिली. भोवऱ्यासारखं फिरत गेलं, शेवटी बर्फाच्या एका उंचवट्याला अडकलं. दोन दांड्या मोडल्या होत्या, फायबरच्या कुसळांनी हातमोजा सोलला. त्या वेळी आत पेटता हीटर असता तर काय झालं असतं, या विचारानं त्या रात्री झोप लागली नाही.

तेव्हापासूनची माझी पद्धत सांगतो. पिशवी वाऱ्याच्या तोंडावर आडवी टाकायची. वाऱ्याकडची एकच भिंत उघडायची आणि तिचे दोन्ही कोपरे स्क्रूनं बर्फात आधी ठोकायचे. मग बाकीच्या भिंती आणि छप्पर. त्यानंतर उरलेले कोपरे, आणि भिंतींच्या मधल्या गाठींना दोऱ्या लावून दूरवर ताण. आवरताना उलट: वाऱ्याकडचे कोपरे सगळ्यात शेवटी सुटले पाहिजेत. स्क्रू हातानं पिळत बसू नका, बिनतारी ड्रिलला लावायचा जोड मिळतो. थंडीत उघड्या हातानं सहा स्क्रू पिळणं म्हणजे छळ आहे. शेल्टरबरोबर चार-सहाच येतात, आणखी चार विकत घ्या.

खालची झालर रुंद असलेलं शेल्टर निवडा आणि तिच्यावर फावड्यानं हिम टाका. पण कोरडं हिम. भोकातून निघालेला ओला चिखल टाकलात तर तो गोठतो आणि झालर बर्फाला सिमेंटसारखी चिकटते, निघताना फाटते. दार वाऱ्याच्या पाठीकडे ठेवा. आणि वारा फार असेल त्या दिवशी अण्णांना नेऊच नका, तो दिवस घरी पत्त्यांचा.

रात्रपाळी (मिलवॉकी, विस्कॉन्सिन)

मी इथे इस्पितळाच्या आपत्कालीन विभागात नर्स आहे, मूळची साताऱ्याची. तुमच्या मिसेसना जी काळजी वाटतेय ती अगदी रास्त आहे, तिला हसण्यावारी नेऊ नका.

बडीसारख्या हीटरमध्ये हवेतला प्राणवायू कमी झाला की आपोआप बंद होण्याची सोय असते. बरेच जण समजतात की मग सगळं सुरक्षित. पण ती सोय प्राणवायू मोजते, कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. बर्नरवर धूळ-कचरा बसला असेल, हीटर पडून आतली जाळी वाकडी झाली असेल, तर ज्वलन अर्धवट होतं आणि तो वायू तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. रक्तात तो प्राणवायूची जागा अडवतो, आणि वयस्क माणसाच्या हृदयावर त्याचा ताण लवकर येतो. बीपी असलेल्या माणसाच्या बाबतीत तर मी जराही धोका पत्करणार नाही.

झरोके दोन उघडे हवेत, एक वर आणि एक खाली. दाराची चेन खालून वीतभर उघडी ठेवली तरी चालते. झालरीवर हिम टाकून सगळ्या फटी बंद केल्यात तर हे आणखीच गरजेचं, कारण इन्सुलेटेड शेल्टर तसंही घट्ट असतं. बॅटरीवरचा मोनॉक्साइडचा अलार्म बसल्यावर डोक्याच्या उंचीला येईल असा टांगा. घरगुती अलार्म बहुतेक चार-पाच अंशांच्या वरच्या तापमानासाठी बनवलेले असतात, त्यामुळे तो जाकिटाच्या आतल्या खिशातून न्या आणि आत ऊब आल्यावर चाचणीचं बटण दाबून मगच टांगा. दरवेळी दाबा.

आणि अण्णांना आधीच सांगून ठेवा: डोकं जड झालं, मळमळलं, विनाकारण झोप यायला लागली तर बोलायचं. आपल्याकडची वडीलधारी माणसं मुलाचा बेत मोडू नये म्हणून गप्प बसतात. तुम्हीच दर अर्ध्या तासानं त्यांना बाहेर दोन मिनिटं उभं करा. गुडघ्यांनाही बरं.

खाडीकाठचा

तिघांचे मनापासून आभार. ९४ इंची इन्सुलेटेड हब घेतलं, भरण खालपर्यंत आहे, बघून घेतलं. अलार्म आणि जास्तीचे स्क्रूही घेतले. आईला झाऱ्याचं सांगितलं तर म्हणाली, "माशांना झारा कशाला?" पण बॅगेत टाकलाय म्हणे.

एक राहिलंच. बर्फ किती जाड झाल्यावर अण्णांना न्यावं? आणि लायसनचं काय?

गोदाकाठ

राज्याचा नैसर्गिक संसाधन विभाग पायी चालायला किमान ४ इंच सांगतो, तोही नवा, स्वच्छ, काचेसारखा बर्फ. पांढरा, हिम मिसळून झालेला असेल तर दुप्पट जाडी धरा, त्याची ताकद निम्मी असते. अण्णांसाठी मी ८ इंचांच्या आत जाणार नाही. गाडी मात्र काठावरच ठेवा, कितीही लोक आत नेत असले तरी.

पहिल्यांदा तुम्ही एकटे जाऊन बघून या. लोखंडी पहार घेऊन पुढे पुढे ठोकत चालायचं, पहार एका घावात आरपार गेली तर तिथूनच मागे फिरायचं. ओढा येऊन मिळतो ती जागा, पुलाखालची जागा, कोणी पाण्यात हवा सोडणारा पंप लावलाय ती जागा टाळा. गळ्यात बर्फाचे टोचे (पाण्यात पडलात तर बर्फात रोवून बाहेर यायला) घाला, दोघांनीही. भोकाला गिरमीट ८ इंची पुरे.

अण्णा गळ टाकणार असतील तर त्यांना बाहेरच्यांचं लायसन लागेल, थोड्या दिवसांचीही मिळतात, २४ तासांचं, ७२ तासांचं, ७ दिवसांचं. नुसते बसणार असतील तर नको, पण ते नुसते बसतील असं मला वाटत नाही. मुलीला सोळा वर्षांपर्यंत लागत नाही. हिवाळ्यात माणशी दोन गळ चालतात. आणि मिटवता येणारं शेल्टर सोडून तुम्ही कुठे जात नसाल तर त्याचं वेगळं लायसन नको.

खाडीकाठचा

जानेवारीचा दुसरा आठवडा. कालच जाऊन आलो, म्हणून लगेच लिहितोय.

बर्फ ११ इंच, बाहेर उणे चौदा, वारा नावाला. वाऱ्याकडची भिंत आधी ठोकून उभं केलं. अण्णा लांब उभे राहून सगळं बघत होते. मी म्हटलं आत बसा, तर म्हणाले, "आधी तुझ्या दोऱ्या बघतो." चारी बाजूंनी फिरले, एका दोरीची गाठ सोडून त्यांच्या पद्धतीनं पुन्हा मारली. ती निघताना एका झटक्यात सुटली, माझ्या गाठी मात्र दातानं सोडवाव्या लागल्या.

आत बसल्यावर पडदे लावले, हीटर मंद केला. भोक उजळलं तसे ते खुर्चीतून पुढे वाकले. हातमोजा काढला, बोट पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं. "गोडं आहे," म्हणाले. आयुष्यभर खाऱ्या पाण्यात गरवलेला माणूस. पुढचा बराच वेळ ते नुसते त्या उजेडाकडे बघत होते.

मी त्यांना छोटी काठी दिली होती. पाच मिनिटांत ती त्यांनी बाजूला ठेवली आणि दोरी सरळ तर्जनीवर घेतली, खडपावर घेतात तशी. तेवढ्यात बर्फ वाजला. ज्यांनी ऐकलंय त्यांना माहीत आहे, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे काहीतरी धावत गेल्यासारखा खोल आवाज. अण्णा ताडकन उभे राहिले, दोरी मात्र सोडली नाही. थंडीनं बर्फ आकसतो, ताणतो, म्हणून वाजतो, जाड असला तरी वाजतोच, हे मी समजावलं. बसले, पण पुढच्या दोन आवाजांना माझ्याकडे बघत होते. तिसऱ्याला त्यांनी बघितलंही नाही, कारण तेव्हा बोटावर टोच लागली होती. तळहाताएवढा ब्लूगिल. तिघांचे मिळून सात लागले, त्यातले पाच अण्णांच्या बोटावर आणि एक माझ्या मुलीचा. चार ठेवले. आईनं रवा लावून तळले.

तीन तास चाळीस मिनिटं बसलो. पाय गार पडले नाहीत असं ते स्वतःहून म्हणाले. छतावरून एक थेंब पडला नाही. ताई, ते दोन थर फोमचे आणि उलटा पंखा, दोन्हीसाठी तुमचे आभार मानावे तितके थोडे. अलार्म गप्प होता, दर अर्ध्या तासानं बाहेर काढलं तेव्हा मात्र अण्णा कुरकुरले.

आता अडचण अशी, शेल्टर खालच्या वीतभर पट्टीत ओलं आहे आणि आम्ही अपार्टमेंटमध्ये राहतो, गॅरेज नाही. कसं वाळवू?

गोदाकाठ

वाचताना डोळे भरून आले.

आजच्या आज पिशवीतून काढा, ओलं ठेवलंत तर भरणाला बुरशी लागते आणि तो वास पुन्हा जात नाही. बैठकीत सोफा सरकवून छप्पर न उचलता दोनच भिंती उघडा, तेवढी जागा होईल. झालर दोन खुर्च्यांच्या पाठीवर टाका म्हणजे ओली पट्टी जमिनीला टेकणार नाही, आणि तोच छोटा पंखा तिच्याकडे वळवून ठेवा. हेअर ड्रायर लावू नका, आतलं पॉलिस्टर आकसतं. दीड-दोन दिवस लागतील. वरून कोरडं वाटलं तरी टिपेच्या शिवणीवर बोट दाबून बघा, ओल तिथे शेवटपर्यंत राहते. पुढच्या वेळी आवरायच्या आधी झालरीवरचं हिम केरसुणीनं झाडून घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

आणि अण्णांना एकदा संध्याकाळी न्या, चारच्या सुमारास. अंधार पडायला लागला की क्रॅपी नावाचे मासे तळ सोडून वर सरकतात. दोरी तळापासून चार-पाच फूट वर धरायला सांगा. क्रॅपी टोचत नाही, आमिष तोंडात घेऊन वर येतो, त्यामुळे दोरी बोटावर एकदम हलकी होते. ते त्यांच्या बोटाला आपल्या आधी कळेल.